सरस्वतीबाई राणे : जुगलबंदीतील धाकटा स्वर

हिंदुस्थानी संगीतात भावाभावांनी एकत्र बसून गाण्याची रीत चांगली रुळलेली आहे. डागर घराण्यातील बंधूंच्या जोड्या, शामचौरासी घराण्याचे नजाकत अली आणि सलामत अली, बनारसचे राजन मिश्र आणि साजन मिश्र ही नावे रसिकांना ठाऊक आहेत. बहिणीबहिणींच्या जोड्या मात्र शोधू गेले तरी थोड्याच सापडतात. त्याचे कारण गळ्यात नसून समाजाच्या रीतीभातीत आहे. जेथे एका स्त्रीने जाहीर मैफलीत प्रतिष्ठेने गावे हेच एके काळी अवघड होते, तेथे दोघींनी मिळून तास-दीड तास ख्याल मांडावा ही कल्पना सुचणार तरी कोणाला? ही वाट अगदी प्रथम ज्यांनी पाडली त्यांत हिराबाई बडोदेकर आणि सरस्वतीबाई राणे या दोघी बहिणींचे नाव घ्यावे लागते.

या दोघींपैकी हिराबाईंना कीर्ती भरभरून मिळाली, आणि ती सर्वस्वी योग्य होती. १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० साली पद्मभूषण हे सन्मान त्यांच्याकडे चालत आले. सरस्वतीबाईंचा उल्लेख पुष्कळदा ‘हिराबाईंची धाकटी बहीण’ एवढ्यावरच संपतो. वस्तुतः रंगभूमी, नभोवाणी, ध्वनिमुद्रिका, बोलपट आणि मैफल अशा पाचही क्षेत्रांत वावरलेली ही गायिका होती. तिच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे जोडीने गाणे म्हणजे नेमके काय आणि त्यात दुसऱ्या स्वराचे स्थान कोणते, याचा चांगला उलगडा होतो.

सरस्वतीबाईंचा जन्म १९१३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मिरजेस झाला. वडील किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ, आणि आई ताराबाई माने. करीम खाँ बडोद्याच्या दरबारात गायक असताना तेथील सरदार मारुतीराव माने यांच्या या कन्येशी त्यांचा परिचय झाला. त्या काळी समाजाला न मानवणारा हा विवाह झाला आणि दोघांना बडोदे सोडावे लागले. पुढे या दांपत्याला जी मुले झाली त्यांत थोरले अब्दुल रहमान, नंतर चंपाकली, आणि सर्वांत धाकटी सकीना. घरात तिला छोटूताई म्हणत. १९२२ च्या सुमारास ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या आणि मुलांना नवी नावे मिळाली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई झाली आणि सकीनाची सरस्वती.

या विभक्तपणाचा परिणाम प्रत्येक भावंडावर सारखा झाला नाही. सुरेशबाबूंचा जन्म १९०२ चा आणि हिराबाईंचा १९०५ चा. वडिलांचे गाणे त्यांच्या कानांवर बालपणीच पडले होते आणि पुढे किराण्याचेच दुसरे थोर गायक उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून दोघांना शिस्तशीर तालीम मिळाली. सरस्वती मात्र त्या वेळी आठ-नऊ वर्षांची पोर. वडिलांचे छत्र दुरावले ते नेमके शिकण्याच्या वयात. घराण्याची विद्या तिच्यापर्यंत पोहोचली ती थोरल्या भावाच्या आणि थोरल्या बहिणीच्या हातून. तिचे गुरू घरातच होते, आणि त्यांतील एक गुरू पुढे तिच्या शेजारी बसून गाणार होता.

ही गोष्ट जरा बारकाईने ध्यानात घेण्यासारखी आहे. गुरू आणि शिष्या एकाच व्यासपीठावर बसतात तेव्हा सामान्यतः शिष्येकडे तंबोरा असतो. गुरूने स्वर सोडला की तो धरावा, गुरूचा दम संपला की पोकळी भरावी आणि गुरू पुन्हा गाऊ लागला की गप्प राहावे, एवढेच तिचे काम. याला आपण साथ म्हणतो. जुगलबंदीत दोघांचा अधिकार सारखा असावा लागतो. जिने शिकवले तिच्या बरोबरीने बसावयाचे, आणि तेही उद्धटपणा न दिसू देता, हे काम बोलण्याइतके सोपे नाही. त्यासाठी शिष्येजवळ स्वतःचे असे काही जमलेले असावे लागते. सरस्वतीबाईंनी ते कसे जमवले हे पाहणे उद्बोधक आहे.

पहिली शाळा रंगभूमीची. ताराबाई आणि त्यांच्या मुलांनी पुण्यात नूतन संगीत विद्यालय चालवले आणि १९२९ च्या सुमारास त्याच्या जोडीला नाट्यशाखाही काढली. मराठी रंगभूमीवर तोवर स्त्रियांच्या भूमिका बहुधा पुरुषच करीत, आणि बालगंधर्वांच्या अलौकिक यशामुळे ती प्रथा लोकांच्या डोळ्यांना इतकी सवयीची झाली होती की खऱ्या स्त्रीने रंगमंचावर यावे हेच अनेकांना खटके. मानेकुटुंबाच्या मंडळीत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. सरस्वतीबाईंनी कोवळ्या वयातच ‘सौभद्र’, ‘संशयकल्लोळ’, ‘एकच प्याला’ यांसारख्या संगीत नाटकांतून कामे केली. आर्थिकदृष्ट्या हा व्यवसाय फळला नाही. तो आटोपता घ्यावा लागला आणि कर्जाचा भार हिराबाईंना मैफली करून उतरवावा लागला. तथापि रंगभूमीने या बहिणींना एक गोष्ट दिली. समोर तिकीट काढून बसलेला, अपरिचित आणि संमिश्र श्रोतृसमुदाय असला तरी त्याच्यापुढे ताठ मानेने गाता येते, हा विश्वास.

दुसरी शाळा निरनिराळ्या गुरूंची. १९३० नंतर सरस्वतीबाईंनी घराच्या बाहेरही विद्या मिळवली. जयपूर घराण्याचे उस्ताद नत्थन खाँ, मुंबईचे प्रा. बा. र. देवधर आणि मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांच्याकडे त्या शिकल्या. ही तीन नावे एकत्र ठेवली म्हणजे त्यांच्या शिक्षणाचा विस्तार ध्यानी येतो. किराणा घराण्याचा सारा भर स्वरावर. एकेक स्वर संथपणे, हळुवारपणे लावीत आणि त्याच्या आसपासचा प्रदेश उजळीत रागाची बढत करावयाची. जयपूर घराण्याची प्रकृती वेगळी. तेथे तालाच्या मात्रांशी घट्ट बांधलेली, पेचदार आणि सलग चालणारी मांडणी, आणि अनवट रागांची आवड. देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. अनेक घराण्यांच्या गवयांकडून बंदिशी गोळा करणारे आणि आवाजाच्या शास्त्राचा डोळसपणे विचार करणारे गुरू असा त्यांचा लौकिक होता. मास्टर कृष्णराव म्हणजे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य. ख्यालाचे सौंदर्य नाट्यपदाच्या आणि बोलपटातील गीताच्या लहानशा आकारात कसे बसवावे, हे त्यांना उत्तम साधले होते. किराण्याच्या मऊ स्वरात वाढलेल्या मुलीला या तिघांकडून जे मिळाले, ते तिच्या थोरल्या बहिणीच्या गाण्याची नक्कल होण्यापासून तिला वाचविण्यास पुरेसे होते.

तिसरी शाळा नभोवाणीची. सरस्वतीबाई १९३३ पासून नभोवाणीवर गाऊ लागल्या. तेव्हा ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नावही जन्माला आले नव्हते. ते १९३६ साली आले. मुंबई केंद्र त्यापूर्वी ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ या नावाने चालत असे. त्या दिवसांत ध्वनिफितीवर आधी मुद्रण करून ठेवण्याची सोय नव्हती. गायकाने ठरलेल्या क्षणी ध्वनिक्षेपकासमोर बसावे, ठरलेल्या मिनिटांत राग मांडावा आणि घड्याळाचा काटा जागेवर येताच आटोपते घ्यावे. समोर दाद देणारा श्रोता नाही आणि झालेली चूक पुन्हा दुरुस्त करता येत नाही. मैफलीत पाऊण तास आलापीत रमणाऱ्या गवयांना हे बंधन जाचक वाटे. पण ज्यांचा स्वर कोमल आणि उच्चार स्वच्छ, त्यांना ध्वनिक्षेपक हे वरदान ठरले. मोठ्या दालनाच्या टोकापर्यंत आवाज पोहोचविण्यासाठी गळा ताणण्याची गरज उरली नाही. स्वराची बारीकशी हालचालही दूरच्या घरात जशीच्या तशी ऐकू जाऊ लागली. किराण्याच्या गायकीला हे माध्यम जणू मानवलेच.

आणखीही एक गोष्ट घडली. कुलीन घरातील ज्या स्त्रिया गाण्याच्या बैठकीला जाऊ शकत नव्हत्या, त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत आणि माजघरापर्यंत स्त्रीचे शास्त्रोक्त गाणे नभोवाणीने नेले. अनेक घरांतून मुलींना गाणे शिकविण्यास जी संमती मिळाली, तिच्यामागे हिराबाई, सरस्वतीबाई आणि त्यांच्या पिढीच्या गायिकांच्या या अदृश्य उपस्थितीचा वाटा मोठा आहे. सरस्वतीबाईंना पुढे नभोवाणीची सर्वोच्च श्रेणी मिळाली. १९५२ साली सुरू झालेल्या संगीताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आणि नंतरच्या रेडिओ संगीत संमेलनांत त्यांनी भाग घेतला. त्यांचे नभोवाणीवरील गायन १९९० पर्यंत चालू होते. सत्तावन्न वर्षांचा हा संबंध आहे. जिवंत प्रक्षेपणापासून ध्वनिफितीपर्यंतची सारी स्थित्यंतरे त्यात येऊन गेली.

चौथी शाळा बोलपटाची. हिंदी-बंगाली बोलपटांत पार्श्वगायनाची युक्ती १९३५ च्या सुमारास रूढ होऊ लागली. त्यापूर्वी पडद्यावर दिसणाऱ्या नटीनेच गावे लागे. साहजिकच नटी निवडताना गळा आधी पाहिला जाई. पार्श्वगायन आल्यावर चेहरा एकीचा आणि आवाज दुसरीचा अशी वाटणी शक्य झाली. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ या १९४१ सालच्या बोलपटासाठी सरस्वतीबाईंनी आपला आवाज दिला आणि मराठी बोलपटांतील अगदी पहिल्या पार्श्वगायिकांत त्यांची गणना झाली. १९४३ साली विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ आला. त्याचे संगीत शंकरराव व्यास यांचे. सरस्वतीबाईंनी त्यात गायिलेले ‘बीना मधुर मधुर कछु बोल’ हे भीमपलासाच्या अंगाचे गीत देशभर पसरले. ज्यांना ख्याल म्हणजे काय हे माहीत नव्हते, अशांच्याही तोंडी ते बसले. पुढे सी. रामचंद्र, सुधीर फडके, के. सी. डे अशा संगीतकारांकडेही त्या गायिल्या.

या गीताच्या यशात एक चमत्कारिक उणीव मात्र होती. चित्रपट पाहणाऱ्याला पडद्यावरचा चेहरा दिसतो, गाणाऱ्याचा दिसत नाही. त्या काळात ध्वनिमुद्रिकांवरही गायकाचे नाव ठळकपणे देण्याची प्रथा अजून नीट बसली नव्हती. त्यामुळे गीत घरोघर पोहोचले आणि गायिका मागे राहिली. जुगलबंदीत थोरल्या बहिणीच्या नावाखाली आणि बोलपटात नटीच्या चेहऱ्याआड, असे दोन्हीकडून सरस्वतीबाईंचे नाव झाकले गेले. परंतु तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत रागाचे सारे रूप उभे करण्याची जी कसोटी असते, ती त्या उत्तम रीतीने उतरल्या. एवढ्या अवकाशात बढत करता येत नाही. पहिल्याच स्वरसमूहातून राग ओळखू यावा लागतो. तान दोन आवर्तनांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि शब्दाचा अर्थ कोठेही दबून चालत नाही.

आता जुगलबंदीकडे वळू. दोन गायकांनी एकत्र गावयाचे तर पहिला प्रश्न पट्टीचा येतो. पुरुषाचा षड्ज साधारण काळी एकच्या आसपास आणि स्त्रीचा काळी चारच्या आसपास. एकाच तंबोऱ्यावर दोघांनी गाऊ म्हटले तर एकाला मंद्रात घुसमटावे लागते, किंवा दुसऱ्याला तारात ओरडावे लागते. दोघी स्त्रियांना ही अडचण नसते. त्यातून त्या सख्ख्या बहिणी असल्या तर आवाजाची जातकुळी मिळतीजुळती निघते आणि एकीचा स्वर कोठे संपला व दुसरीचा कोठे सुरू झाला हे कळू नये, इतका एकजीवपणा येऊ शकतो.

पण नुसता एकजीवपणा पुरेसा नाही. दोन्ही स्वर हुबेहूब सारखे झाले तर दोघींनी बसण्याचे प्रयोजनच काय? म्हणून जुगलबंदीत वाटणीचे शास्त्र येते. विलंबित ख्यालात एकीने अस्थायी मांडावी, दुसरीने तिच्यात सामील होऊन मुखडा एकत्र घ्यावा आणि सम दोघींनी मिळून गाठावी. नंतरचे आवर्तन एकीचे, त्यापुढचे दुसरीचे. एकीने गांधारापर्यंत बढत नेली असेल तर दुसरीने पुन्हा षड्जावर जाऊन तोच प्रदेश तुडवू नये. तिने गांधारावरच उभे राहून पंचमाची चाहूल द्यावी. एकीने संथ आलाप घेतला तर दुसरीने तेथे तानेचा वर्षाव करून तिचे काम पुसून टाकू नये. यात सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे थांबणे. गळ्यात सुचलेली जागा गिळून सोबतिणीला वाट देणे, आणि तिने घेतलेली जागा ऐकून आपला बेत तिथल्या तिथे बदलणे.

येथेच धाकट्या स्वराचे महत्त्व कळते. थोरल्या गायिकेची मांडणी श्रोत्यांना परिचित असते. तिच्या नावावर दालन भरलेले असते. धाकटीला दोन मोह असतात. एक, थोरलीच्या सावलीत सुरक्षित बसून नुसती साथ करावी. दुसरा, आपण कमी नाही हे दाखविण्यासाठी चढाओढ करावी. पहिल्या मोहाला बळी पडले तर जुगलबंदीची साथ होते, दुसऱ्याला पडले तर तिचा आखाडा होतो. हिराबाई-सरस्वतीबाईंची जोडी अनेक वर्षे टिकली आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तालीम एकाच घरातील असल्यामुळे दोघींच्या मांडणीचा पाया एक होता. धाकटीने बाहेरच्या गुरूंकडून आणि बोलपटातून मिळवलेले निराळे संचित असल्यामुळे तिचे आवर्तन हे थोरलीच्या आवर्तनाची पुनरुक्ती नव्हते. एक गोष्ट नसती तर सूर जुळला नसता. दुसरी नसती तर बोलण्यासारखे काही उरले नसते.

या जोडीचा सामाजिक अर्थही मोठा आहे. जाहीर, तिकिटाच्या मैफलीत स्त्रीने पुरुष गवयाच्या बरोबरीच्या प्रतिष्ठेने गाण्याची वाट हिराबाईंनी रुळवली. हावभावांचा पूर्ण त्याग करून, साध्या पोशाखात, केवळ स्वराच्या बळावर त्या मैफल जिंकीत. अशा व्यासपीठावर दोन स्त्रिया मध्यभागी बसलेल्या आणि तबलजी त्यांच्या बाजूला, हे दृश्य नवे होते. गाणाऱ्या स्त्रीची गणना करमणूक करणारी म्हणून न करता रागाचा विचार मांडणारी कलावती म्हणून करावी लागते, हे या दृश्याने न बोलता सांगितले. दोघी गात असताना त्यांच्यात जो संवाद चाले तो श्रोत्यांशी नव्हता. तो एकमेकींच्या विचाराशी होता, आणि श्रोत्यांना तो मन लावून ऐकावा लागे.

याच काळात पंजाबातही असेच एक उदाहरण घडत होते. १९४३ साली, म्हणजे ‘रामराज्य’ प्रदर्शित झाले त्याच वर्षी, लाहोरात सुरिंदर कौर या तरुण गायिकेचे पहिले ध्वनिमुद्रण झाले, आणि ते तिने आपली थोरली बहीण प्रकाश कौर हिच्याबरोबर केले. त्यांचे क्षेत्र लोकगीतांचे. तेथे राग मांडावयाचा नव्हता, तर लग्नघरातील, शेतातील आणि माहेरच्या ओढीची गीते नव्या तबकडीवर चढवावयाची होती. तरीही साम्य डोळ्यांत भरते. तेथेही थोरलीने वाट दाखवली आणि धाकटीने पुढे स्वतंत्र कीर्ती मिळवली. सुरिंदर कौर यांचा वारसा त्यांची कन्या डॉली गुलेरिया यांनी चालवला. सुरिंदर कौर आणि सरस्वतीबाई या दोघी धाकट्या बहिणींचे देहावसान एकाच वर्षी, २००६ साली व्हावे, हाही एक योगायोग.

सरस्वतीबाईंच्या उत्तरायुष्यात मानसन्मान आले, पण ते बेताचेच. १९६६ साली त्यांना बालगंधर्व सुवर्णपदक मिळाले आणि किराणा घराण्याच्या सेवेबद्दल १९९९ साली उस्ताद फैयाज अहमद खाँ यांच्या स्मृत्यर्थ दिला जाणारा पुरस्कार मिळाला. मात्र विद्यादानाचे काम अखंड चालू होते. त्यांची नात मीना फातर्पेकर त्यांच्याकडे शिकून तयार झाली. १९७७ साली श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ हा चित्रपट आला. हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर आधारलेल्या त्या चित्रपटाची नायिका एका जुन्या परंपरेतील गायिकेची नात आहे आणि आजीकडून ती गाणे शिकते. त्यातील एका गीताला आवाज दिला तो सरस्वतीबाई आणि मीना फातर्पेकर यांनी. पडद्यावरच्या आजी-नातीच्या कथेला प्रत्यक्षातील आजी-नातीचा स्वर लाभला. एके काळी थोरल्या बहिणीच्या शेजारी धाकटी म्हणून बसलेली गायिका आता थोरल्या जागी होती आणि शिष्येला वाट देत होती.

१९८९ सालच्या नोव्हेंबरात हिराबाई गेल्या. त्यानंतर जवळजवळ सतरा वर्षे सरस्वतीबाई होत्या. २००६ सालच्या ऑक्टोबरात, वयाची त्र्याण्णव वर्षे पूर्ण करून त्यांनी या जगाचा निरोप घेतला. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई यांच्या या लेकरांनी किराण्याचा स्वर महाराष्ट्रात घरोघर नेला. सुरेशबाबूंनी तो शिष्यांत पेरला, हिराबाईंनी तो मैफलीत प्रतिष्ठित केला आणि सरस्वतीबाईंनी तो तबकडी, बोलपट व नभोवाणी यांच्या द्वारा अशा लोकांपर्यंत पोहोचवला की ज्यांनी कधी मैफलीचा उंबरठा ओलांडला नव्हता.

जोडीच्या गायनाच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकता येतात. त्या ऐकताना बहुतेकांचे लक्ष साहजिकच ओळखीच्या, थोरल्या आवाजाकडे जाते. पुढच्या वेळी क्षणभर दुसऱ्या आवाजाकडे कान द्यावा. तो केव्हा बोलतो, केव्हा थांबतो, थोरल्या आवाजाने सोडलेले सूत्र कोठे उचलतो आणि आपली भर घालून ते कसे परत करतो, हे ऐकावे. म्हणजे त्या गाण्याचा तोल कोणी सांभाळला आहे, ते ध्यानात येईल.